दुपट्याचं वजन वजा

आमच्या रुग्णालयात आईबापांना धीर देण्यासाठी एक वेगळी खोली आहे. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी, आत दोन गुबगुबीत खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा खोका आणि भिंतीवर मावळत्या सूर्याचं भलंमोठं चित्र. ज्यांना तासाभरापूर्वी सांगितलंय की तुमचं बाळ फार दिवस काढणार नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर मावळता सूर्य टांगायला काय डोकं लागत असेल, मला कल्पना नाही. खोली मंगळवारी दोन ते चार उघडी असते. तिथले रुमाल आम्ही कर्मचारी चष्मे पुसायला नेतो.

खरा धीर मिळायचा तळमजल्यावर, नऊ नंबरच्या खोलीत. आणि तो ज्या बाईकडून मिळायचा तिच्या गोपनीय अहवालात सलग तीन वर्षं एकच शेरा होता : ‘कामात चोख. बोलणे रुक्ष.’ हे अहवाल मी वाचायला नको होते, पण ते माझ्याच कपाटात ठेवायचे असा नियम आहे आणि कपाटाला कडी नाही.

तिला सगळे काट्याच्या ताई म्हणायचे. बाळांची वजनं करणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही, आणि त्यातली एकोणीस वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसून बाळांच्या कार्डांवर शिक्के मारले. तिचा काटा जुन्या पद्धतीचा होता. वर पत्र्याचं तबक, खाली दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दांडी आडवी होऊन थरथर थांबली की आकडा वाचायचा. इलेक्ट्रॉनिक काटा मंजूर होऊन चार वर्षं झाली होती. तो समोरच्या लोखंडी कपाटात आहे असं नोंदवहीत लिहिलेलं होतं. कपाटाची किल्ली हरवलेली होती, आणि ती शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष निवृत्त झाले होते.

ताईचे वडील वखारीत लाकडं मोजायचे. काट्याला अंगठा लावला की कोणाचं तरी पोट कापलं जातं, हे त्यांनी लेकीला लहानपणीच बजावलेलं. लेकीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. भाऊ आणि वहिनीबरोबर ती राहायची, आणि वहिनीची कायमची तक्रार अशी की या बाईच्या हातात पाहुण्यांचं मूल द्यायची सोय नाही. लोक मूल दिलं की म्हणतात, किती गोड आहे! ही म्हणायची, “सहा किलो चारशे. महिना कितवा? सातवा? मग कमी आहे.” पाहुणे परत यायचे नाहीत. वहिनी कपाळाला हात लावायची, आणि ताईला आपलं काय चुकलं ते कळायचं नाही.

बुधवारी नऊ नंबरमध्ये वेगळी बाळं यायची. गुणसूत्रांची गडबड घेऊन जन्मलेली. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या बाळांपैकी कुणाच्या तेराव्या जोडीत तर कुणाच्या अठराव्या जोडीत दोनाऐवजी तीन असायची. ते एक सोडून बाकी सगळं त्यांच्यात कमी. वजन कमी, श्वास कमी, आणि डॉक्टरांच्या अंदाजानुसार दिवसही कमी. आमच्या कार्डावर बाळाच्या वाढीचा तक्ता छापलेला असतो, त्यात हिरवा पट्टा असतो. पट्ट्यात ठिपका पडला की आई हसते. या बाळांचा ठिपका पट्ट्याच्या खाली, तक्त्याच्याही खाली, जिथे छापखान्याचा पत्ता असतो तिथे पडायचा. दर बुधवारी छापखान्याच्या पत्त्यावर ठिपका बघून बायका रडायच्या.

ताईने कधी कुणाचे डोळे पुसले नाहीत. ती कार्ड मिटवायची आणि म्हणायची, “हा तक्ता तुझ्या बाळासाठी छापलेलाच नाही. त्याच्याकडे बघू नकोस.” मग टेबलाच्या खणातून लांबट वही काढायची. त्यात सव्वीस वर्षांत तिच्या काट्यावर येऊन गेलेल्या अशा सगळ्या बाळांची वजनं होती, आठवड्यागणिक. “ही बघ. हीसुद्धा अठरावीच होती. दोन महिन्यांची असताना तुझ्या मुलापेक्षा नव्वद ग्रॅम हलकी. आणि हा तुझ्या मुलापेक्षा जड होता.” त्या बाळांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं तर तेही सांगायची, एक दिवस इकडे-तिकडे न करता. बायका ऐकून घ्यायच्या. रडू थांबलेलं असायचं. आपलं मूल जगातलं एकमेव नाही, एवढंच त्यांना हवं असायचं, आणि ते समुपदेशन कक्षातल्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग ताई फर्मान सोडायची, “बाहेर बाकावर निळी पिशवी घेऊन बसलीय तिच्याजवळ जा. नाकातली नळी गालाला चिकटवायची पट्टी तिला बरोबर जमते. तिच्याकडून शिकून घे आणि तिला सांग की तुझ्याकडे दूध पचतंय ते कसं.” बाकावर शाळाच भरायची. ताई स्वतः कधी बाकावर बसली नाही. तिला गप्पा जमत नसत.

तिचा एक नियम मात्र पक्का होता. बाळं पटकन गार पडतात, म्हणून कोणत्याही बाळाला उघडं करायचं नाही, दुपट्यात गुंडाळूनच काट्यावर ठेवायचं. पहिल्या दिवशी नुसतं दुपटं तोलून त्याचं वजन कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचं. पुढे दर खेपेला तेच दुपटं आणायचं आणि एकूण वजनातून तेवढे ग्रॅम वजा करायचे. “दुपट्याचं वजन वजा,” असं ती दर बाळामागे मोठ्याने म्हणायची. दिवसाला चाळीसदा. मला झोपेतही ऐकू यायचं.

एका वर्षी इस्त्रीवाली आणि किल्लीवाला यांची मुलगी आली. आई एका मोठ्या धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची, बाप चौकातल्या टपरीवर किल्ल्या बनवायचा. मुलीला अठरावं गुणसूत्र जास्त होतं आणि हृदयात मोठं भोक. जन्मतः एक किलो सातशे. मुठी घट्ट, बोटं एकमेकांवर चढलेली. बाप तिला चिमटी म्हणायचा. “सगळ्या गावाची कुलपं उघडली ताई,” तो म्हणाला, “हिची मूठ काही उघडत नाही.” जाता जाता त्याने आमच्या लोखंडी कपाटाकडे बघितलं आणि हे दोन मिनिटांत उघडून देतो म्हणाला. मी वर विचारलं. वरून उत्तर आलं की तीन दरपत्रकं मागवा.

आता सहाव्या मजल्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरांबद्दल. त्यांचा हात सोन्याचा आहे असं सगळे म्हणतात. जिभेबद्दल कोणी काही म्हणत नाही. त्यांनी चिमटीला तपासलं आणि आईबापांना सांगितलं, “तीन किलो झाली की घेऊन या, ऑपरेशनचं बघू.”

सहाव्या मजल्यावरच्या प्रत्येक परिचारिकेला याचा अर्थ माहीत होता. याचा अर्थ ‘नाही’. अशा बाळाला टेबलावर घ्यायचं नाही हे साहेबांनी ठरवलेलं होतं. त्याला त्यांच्याकडे कारणंही होती, पण ती समोर बसलेल्या आईला सांगायची म्हणजे तिच्या तोंडाकडे बघावं लागतं. त्यापेक्षा एक आकडा सांगून वेळ मारून न्यायची. बाळ तिथपर्यंत पोचत नाही आणि प्रश्न आपोआप सुटतो. तिथल्या एका परिचारिकेने मला हे चहा पिताना सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. मी शिक्के मारत राहिलो.

ताईला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तिच्या लेखी आकडा म्हणजे आकडा. डॉक्टर तीन किलो म्हणाले म्हणजे तीन किलोला काहीतरी होतं, दोन नऊशे नव्वदला होत नाही. तिने कार्डावर छापखान्याच्या पत्त्याशेजारी पेन्सिलीने छोटीशी रेघ मारली आणि पुढे ‘३’ लिहिलं.

त्या घराचं सगळं त्या आकड्याला बांधलं गेलं. चिमटीची आजी, म्हणजे इस्त्रीवालीची आई, बसने चार तासांवर राहायची आणि अंथरुणाला खिळलेली होती. तिने नातीला पाहिलं नव्हतं. नेऊ की, तीन किलो झाली की. बाळाची टोपी काढून उन्हात बसवायचं, फोटो काढून घ्यायचा, शेजाऱ्यांना दाखवायचं, सगळं तीन किलो झाली की. तोवर दर दोन तासांनी उठवून नळीने दूध. ती झोपलेली असली तरी उठवायची. ओकली तर पुन्हा द्यायचं. बाप टपरीवरून दुपारी घरी पळत जायचा कारण त्या वेळी आईची पाळी इस्त्रीवर असायची. आठ महिने त्या दोघांनी डोळ्यांत तेल घालून ग्रॅम जमवले. एका आठवड्यात चाळीस मिळायचे, पुढच्यात सर्दी होऊन साठ जायचे.

ताई एक ग्रॅम वाढवून सांगायची नाही. दोन किलो पाचशे दहा असले तर पाचशे दहा. एकदा मी हळूच म्हटलं, “ताई, पाचशे वीस म्हणा की, बाईचा चेहरा बघा.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे चार शिक्के उलटे मारले.

आणि मग नवव्या महिन्यातल्या एका बुधवारी दांडी थरथरली, थांबली, आणि ताईने वाचलं, “तीन किलो एकशे दहा. दुपट्याचं वजन वजा, एकशे दहा.” मग तिने पेन उचललं आणि हवेतच धरलं. मीच मान लांब करून बघितलं.

“तीन,” ताई म्हणाली.

इस्त्रीवालीने तोंडावर हात धरला. किल्लीवाल्याने मला मिठी मारली. माझा याच्याशी काही संबंध नव्हता, पण मी सगळ्यात जवळ होतो. ताईने नोंदवहीत आकडा लिहिला, मी कार्डावर शिक्का मारला आणि दोघं चिमटीला घेऊन सहाव्या मजल्यावर धावले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. मी शिक्का मारला तेव्हा मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. त्या क्षणी मी ती चहावेळची गोष्ट साफ विसरलो होतो.

ताईने पुढचं बाळ घेतलं नाही. रांग वाढत गेली. ती काट्याकडे बघत बसली होती. दहाएक मिनिटांनी उठली आणि म्हणाली, “कारकून, नोंदवही घ्या. वर चला.”

एकोणीस वर्षांत नऊ नंबरची खोली सोडून ती वर गेल्याचं मला आठवत नाही. जिन्यात तिला धाप लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, “चुकलंय.”

साहेबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत किल्लीवाला खुर्चीच्या कडेवर बसलेला, इस्त्रीवालीच्या मांडीवर चिमटी, आणि साहेब कार्डाकडे बघत प्रसन्नपणे म्हणत होते, “वा! छानच प्रगती. आता पाच किलो झाली की या.”

किल्लीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. ताई सरळ आत गेली.

“साहेब, वजन चुकलंय. दुपटं नेहमीचं नाहीये. नवं आहे, जाड आहे. शंभर-सव्वाशे, नाही, एकशेचाळीस ग्रॅम तरी जास्त. तीन नाही झालेले.”

इस्त्रीवालीने मान खाली घातली. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. “अस्सं! मग ठरल्याप्रमाणे तीन किलो झाली की या.”

“पण तुम्ही आत्ता पाच म्हणालात.”

“ते... तीन झाली असती तर.”

मी साहेबांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघायला लागलो. ताईला राग आलेला नव्हता. तिला खरोखरच हिशेब लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“साहेब, आमच्या काट्याची दांडी दहा किलोपर्यंत आहे,” ती म्हणाली. “कितीला तुम्ही हो म्हणणार ते एकदा सांगा. मी तिथे खूण करते, मग त्यांना दर बुधवारी बघत बसायला नको.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी इस्त्रीवालीच्या तोंडाकडे बघितलं.

“कितीलाच नाही,” ते म्हणाले.

पुढचं त्यांनी नीट सांगितलं, हे मान्य केलं पाहिजे. हृदय शिवलं तरी फुप्फुसं साथ देणार नाहीत, भूल दिली तर ती त्यातून उठेलच असं नाही, उठलीच तर पुढचे कितीतरी दिवस नळ्यांत आणि यंत्रांत जातील. दुसरीकडे कुठे दाखवायचं असेल तर चिठ्ठी देतो असंही म्हणाले. त्यांना हे सांगायला बारा मिनिटं लागली. आठ महिने ती बारा मिनिटं त्यांना मिळाली नव्हती.

किल्लीवाल्याने चिमटीची टोपी सारखी केली. मग म्हणाला, “साहेब, हे तेव्हाच सांगितलं असतं ना, तर आम्ही तिला झोपू दिलं असतं. दर दोन तासांनी उठवतोय तिला. रडते ती.”

त्यावर साहेबांकडे आकडा नव्हता. मला माझीच लाज वाटत होती. मी नोंदवही छातीशी धरून उभा होतो, आणि मला आठवलं की ते ‘कितीलाच नाही’ आठ महिन्यांपूर्वी मीही या दोघांना सांगू शकलो असतो.

खाली आल्यावर ताईने नवं दुपटं एकटंच तोललं. दोनशे पन्नास. म्हणजे चिमटी दोन किलो आठशे साठ. अंदाज ग्रॅमभरही चुकला नव्हता. तिने लाल पेनने तीन किलोवर रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला आणि सही केली. तिच्या नोंदवहीतली ती पहिली लाल रेघ.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. ताईने त्यांची ओळ मोकळी ठेवली. त्याच्या पुढच्या बुधवारीही अकरा वाजेपर्यंत आले नाहीत, आणि मी चिमटीचं कार्ड बंद कार्डांच्या कपाटात टाकायला उचललं तर ताई म्हणाली, “ठेवा ते खाली.” साडेअकराला आले. चिमटीचं नाक उन्हाने लालेलाल झालेलं. आजीकडे जाऊन आले होते. आजीने तिला दोन दिवस पोटावर झोपवून घेतलं होतं आणि कुणालाही उठवू दिलं नव्हतं. फोटो काढला होता, त्यात टोपी नव्हती. बाकावरच्या सगळ्या बायकांनी फोटो पाहिला, मला दोनदा दाखवला.

“दोन किलो सातशे नव्वद,” ताईने वाचलं. “सत्तर उतरली.”

“असू दे,” इस्त्रीवाली म्हणाली. नेहमीचं जुनं दुपटं कडक इस्त्री करून आणलं होतं तिने. बाळाला उचलता उचलता ती हळू आवाजात बोलली, पण माझं टेबल हातभर अंतरावर आहे. “ताई, त्या दिवशी दुपटं मी मुद्दाम बदललं होतं. आमच्या दुकानात कपडे वजनावर घेतात. तिथल्या काट्यावर चार दुपटी तोलून बघितली, त्यातलं बरोबर बसणारं घेतलं. तुम्हाला फसवलं मी.”

“नाही फसवलंस,” ताई म्हणाली. “काट्यावर ठेवायच्या आधीच कळलं होतं. हाताला कळतं.”

“मग लिहिलंत कसं?”

ताईने दांडीवरचं वजन शून्यावर सरकवलं. “मलाही एकदा तीन बघायचे होते गं,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाळासाठी हात पुढे केला.

चिमटी त्यानंतर तीन महिने आणि पाच दिवस राहिली. दुपारी झोपेत गेली, बापाच्या खांद्यावर. तीन किलो तिला कधी झाले नाहीत. इस्त्रीवाली आता बुधवारी सुट्टी घेते आणि बाकावर बसून नव्या आयांना नळीची पट्टी चिकटवायला शिकवते. किल्लीवाल्याने एकदा दरपत्रकाची भानगड न करता ते लोखंडी कपाट उघडून दिलं. आत इलेक्ट्रॉनिक काटा नव्हता. मावळत्या सूर्याची आणखी सहा चित्रं होती.

ताई गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभात साहेब खाली आले होते. भाषण करायला सांगितलं तर म्हणाले, “मला यांनी एकदा एक प्रश्न विचारला होता,” आणि खाली बसले. कुणाला काही कळलं नाही, टाळ्या मात्र पडल्या.

मध्यंतरी तपासणीसाठी बाहेरून माणूस आला होता. सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या चाळताना त्याला ती एकच खाडाखोड सापडली आणि त्याने मला पान दाखवून विचारलं की खोडल्याची रेघ इतकी पुसट कशी, नियमाप्रमाणे ती ठळक हवी. मी बघितलं. ताईने लाल रेघ इतकी बारीक, इतक्या हलक्या हाताने मारली होती की तिच्याखाली तीन किलो अगदी स्पष्ट दिसत होते. पेनातली शाई संपत आली असेल, असं मी त्याला सांगितलं.